जमिनीवर एक थेंबही नाही

गुरुवार, ६ मार्च
निवृत्तीचा पहिला आठवडा. घड्याळ दिलं ऑफिसनं, चांगलं आहे. तब्येत उत्तम. प्रश्न एकच. रोजची लंडनची गाडी गेली.

मागे ख्रिसमसच्या जेवणात थोडी जास्त झाली आणि मी भाजलेली टर्की हातात घेऊन टर्कीसकट खाली बसलो. तेव्हा लॉरेननं वचन घेतलं. ना घरात, ना पबमध्ये, ना कुणाच्या बागेत. पुन्हा घेतलीस तर मी टिनमथला आईकडे जाईन आणि परत येणार नाही, म्हणाली. बायकोचा शब्द मी पाळतो. तेव्हापासून जमिनीवर एक थेंबही नाही. गाडीची गोष्ट वेगळी. गाडीत पिणं हे काही पिणं नव्हे. अख्खा देश गाडीत पितो. लग्नाला निघालेल्या बायका सकाळी नऊला प्रोसेको वाइनची बाटली उघडतात, कोणी वळूनही बघत नाही. पण आता मी जाऊ कुठे?

शनिवार, ८ मार्च
सुचलं. लॉरेन दर गुरुवारी सासूबाईंना भेटायला जाते. जाताना अडीच तास, येताना अडीच तास. वर्षानुवर्षं. बिचारी. जेवताना जाहीर केलं, यापुढे गुरुवारी आईकडे मी जाणार, तू आराम कर. तिनं काटा खाली ठेवला. म्हणाली, तू? आईच्या वाढदिवसालासुद्धा तुझं पोट दुखायचं. म्हटलं, माणूस बदलतो. ती म्हणाली, नको रे, मला काही त्रास होत नाही. मी ऐकलं नाही. मग ती बागेत गेली आणि गुलाबाचं झाड पार बुंध्यापर्यंत छाटून टाकलं. फार भरून आलं असणार तिला.

गुरुवार, १३ मार्च
पहिली फेरी यशस्वी. नियम केलाय: फलाट मागे गेल्याशिवाय कॅन उघडायचा नाही. जाताना जिन-टॉनिकचा एक, येताना एक. रेडिंग स्टेशन सुटलं की ट्रेव्हर खाण्यापिण्याची ट्रॉली घेऊन येतो. भला माणूस, चौकशा करत नाही. सासूबाईंनी दार उघडून माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, लॉरेन कुठाय? मी म्हटलं, मीच आलोय. त्या म्हणाल्या, ते दिसतंय.

गुरुवार, २० मार्च
जाताना दोन. गाडी स्विंडनजवळ उभी राहिली होती, तो वेळ धरायला नको? थोडा डोळा लागला आणि टिनमथ मागे पडलं. न्यूटन ॲबटहून टॅक्सी केली. सासूबाईंना सांगितलं, रुळांवर गाय. वर म्हणतात, तुझ्या तोंडाला अगदी लॉरेनसारखा पेपरमिंटचा वास येतो. वय झालं. जुन्या आठवणीत असतात.

मंगळवार, २५ मार्च
लॉरेनचं काहीतरी बिनसलंय. टोस्टवर लोणी लावताना फार आवाज करतोस, म्हणाली. विचारलं, काय होतंय? तर म्हणे, मला गुरुवार खायला उठतो. माझ्याशिवाय करमत नाही तिला. इतक्या वर्षांनी हे कळणं सुखाचं आहे.

गुरुवार, २७ मार्च
तीन. पण तिसरा लहान होता.

बुधवार, २ एप्रिल
संकट. लॉरेन म्हणाली, उद्या मीही येते. मी थंडीचं कारण सांगितलं, तिनं कोट दाखवला. ठीक आहे. उद्या काहीही घ्यायचं नाही. मला सवय थोडीच आहे? धास्ती एकाच गोष्टीची, ट्रेव्हर तोंड उघडेल. 'काय साहेब, नेहमीचंच ना?' एवढं बोलला की माझा संसार संपला.

गुरुवार, ३ एप्रिल
रात्री घरी लिहितोय. एकटाच.

रेडिंग सुटलं. मी पेपरमागे लपलो. ट्रॉली आली, थांबली. ट्रेव्हर म्हणाला, काय बाई, किती दिवसांनी! म्हटलं आजारी पडलात की काय. नेहमीचाच एक ना?

लॉरेनला म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तिनं शांतपणे जिन-टॉनिकचा कॅन घेतला, ग्लासात बर्फ मागितला. ट्रॉली पुढे गेल्यावर म्हणाली, आता कळलंच आहे तर ऐक. दर गुरुवारी एक. या अडीच तासांत मी कुणाची मुलगी नसते, कुणाची बायको नसते, खिडकीबाहेर बघत बसते. तेवढंच माझं होतं, आणि ते तू उपकार म्हणून काढून घेतलंस.

मला इतका आनंद झाला की तिचा हातच धरला. सगळं कबूल केलं. दोन कॅन, तीन कॅन, गाय. म्हटलं, आता दोघं मिळून येत जाऊ, ट्रेव्हरला सांगू दोन ग्लास. तिनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, नेव्हिल, वचन तू दिलं होतंस. मी नाही. म्हणाली, बरं, झालं ते झालं. आजपासून गाडीतसुद्धा नाही. एवढं पाळ, मी आईला काही बोलणार नाही आणि घरी परत येईन. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

एक्झेटर गेलं. डावीकडे समुद्र लागला. तिनं अर्धा कॅन संपवला आणि बाकीचा तसाच ठेवला. विसरलीच त्याला. अर्धा कॅन समोर ठेवून माणूस समुद्राकडे कसा बघू शकतो, मला समजत नाही. मी समुद्र पाहिलाच नाही. डॉलिशला ती टॉयलेटला गेली.

मी कॅन फक्त बाजूला सरकवणार होतो. सांडला असता.

ती आली, बसली, कॅन उचलला. हाताला हलका लागला. खाली ठेवला. चिडली नाही. चिडली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. टिनमथ येईपर्यंत ती बाहेर बघत होती आणि तिचे डोळे ओले होते. आईच्या दारात म्हणाली, तू सहाच्या गाडीनं जा. मी राहते.

येताना काही घेतलं नाही. ट्रॉली नव्हती.

सोमवार, ७ एप्रिल
फोन केला. सासूबाईंनी घेतला. लॉरेन फिरायला गेलीये, म्हणाल्या. त्यांच्या मागे लॉरेन खोकलेली ऐकू आली. खोकला मी ओळखतो. औषध घे म्हणून सांगा, म्हटलं.

गुरुवार, १० एप्रिल
लॉरेनचा फोन. आवाज मऊ होता, म्हणून आशा वाटली. म्हटलं, आज गुरुवार, निघू का? म्हणाली, नको. तुझं वचन मी तुला परत करते, नेव्हिल. घरात पी, बागेत पी, कुठेही पी. आता मी विचारणार नाही.

म्हणजे परवानगी मिळाली. इतके दिवस हीच तर हवी होती. दुकानातून एक कॅन आणला. एकच. स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीसमोर बसून उघडला. अर्धा ठेवायचा असं ठरवलं होतं.