आईच्या लोणच्याची बोली

साकेत नगर, भोपाळ
५ डिसेंबर २०२४

प्रिय अच्युत,

प्रभूच्या नावात सलाम. तू पाठवलेले पैसे पोचले. थंडीनं आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत बरी आहे. माझ्या मृणालची परीक्षा चांगली गेली.

फोनवर बोलायला लागले की तू "ताई, पॉझिटिव्ह बोल, प्रेज द लॉर्ड" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. निदान माझं बोलणं पुरं तरी होईल.

चर्चच्या हंगामाच्या सणाला तू आलास, खरंच बरं वाटलं. माझा भाऊ पुण्याहून येतोय, असं मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते. तुझी एवढी मोठी गाडी फाटकातून आत येईना, तेव्हाही मला कौतुकच वाटलं.

इथला लिलाव तू विसरला असशील. जो तो घरचं काहीतरी देवापुढे ठेवतो, भोपळा, अंडी, केक, आणि उपासनेनंतर अंगणात त्याची बोली लागते. पण आईच्या लिंबाच्या लोणच्यावर सुमित्रामावशींशिवाय कुणी बोली लावत नाही. मावशी रिटायर्ड नर्स, एकट्या राहतात. त्या "सौ रुपये" म्हणतात आणि बोली पुकारणारे पाळकसाहेब तिथंच थांबतात. मग मावशींनी विणलेल्या रुमालावर आई सौ म्हणते. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा मावशी सौ म्हणाल्या आणि मागून तुझा आवाज आला, "पच्चीस हजार!"

टाळ्या पडल्या. मावशींनी हातातली नोट बटव्यात परत घातली आणि हसल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते, मावशी मनानं मोठ्या आहेत. पण तू माईक घेतलास.

तुला ती साक्ष वाटली असेल. मला मात्र शब्द न् शब्द पाठ झालाय. तू विश्वासानं मागितलंस म्हणून देवानं भरभरून दिलं, आणि आई जन्मभर लोकांचे कपडे शिवत दोन खोल्यांत राहिली, कारण मागायला तिचा विश्वास कमी पडला. तेही तिच्या खांद्यावर हात ठेवून, किती प्रेमानं! बाबांची मंडीदीपच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा त्याच शिवणावर तुझं इंजिनिअरिंग झालं, हे साक्षीत आलं नाही.

आता इतका वेळ टाळत होते ते लिहिते. या रविवारी आई प्रभुभोजनाला उठली नाही. सगळे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे मेजाशी गेले, ती बाकावर बसून राहिली. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "जिचा विश्वासच कमी, तिनं त्या मेजाशी कशाला जायचं? अच्युत शिकलेला आहे, उगाच बोलायचा नाही."

पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले. तिनं मान डोलावली, त्यांना पोहे खाऊ घातले, आणि होती तिथंच राहिली. त्यांच्यापेक्षा तिला तुझं खरं वाटतं.

मला तुझी चीड आली आहे, अच्युत. तुझ्या पैशाची नाही. गाड्या घे, बंगले बांध, मी आनंदानं बघायला येईन. पण तुला मिळालं ते तुझ्या विश्वासाचं बक्षीस आणि तिला नाही मिळालं तो तिचा दोष, हे तू कुठून शिकलास? या घरात तर कुणी शिकवलं नाही.

तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर आई मेथी निवडता निवडता थांबली. म्हणाली, "मी मागत होते गं. रोज मागत होते. पण अच्युतचं मागता मागताच डोळा लागायचा. स्वतःचं मागायचं राहून गेलं. त्याला अविश्वास म्हणतात का, एवढं विचार त्याला."

विचारलं. पुढचं प्रभुभोजन जानेवारीच्या पहिल्या रविवारी आहे. पैसे पाठवू नकोस. ये, आणि तिच्यासमोर बसून उत्तर दे.

रोज रात्री तिच्या शेजारी पडून तुझंच नाव ऐकत मोठी झालेली,
तुझी ताई
वासंती