हौदाजवळचा कोपरा

अप्पा, आज शाळेच्या अंगणात हरळी लावून झाली. गवताची शेवटची लादी दुपारी बसवली, धुम्मसानं हलकं चोपलं, झारीनं पाणी दिलं आणि तुम्ही राहायचात तशी कमरेवर हात ठेवून जरा लांब उभी राहिले. मोठ्या बाई बाहेर आल्या, छान झालंय म्हणाल्या आणि आत गेल्या. मुली केव्हाच घरी गेल्या होत्या. सांधे कसे बसलेत, कड कशी आलीय, हे ज्याला कळेल असं एकही माणूस तिथं नव्हतं. मग मी खुरपं धुतलं आणि घरी आले.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या माघारी मी या मुलींच्या शाळेत लागले. वर्ग झाडते, पिण्याचं पाणी भरते, आणि माळ्याची लेक म्हणून अंगणातली झाडंही माझ्याच गळ्यात आहेत. पहिलीच्या वर्गाबाहेर झाडू घेऊन रेंगाळता रेंगाळता तिशी उलटल्यावर मला अक्षरं आली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नव्हतं, म्हणून आपल्यात कागदाचं कधी काही झालंच नाही. आता मला येतं तर तुम्ही नाही. शुक्रवार पेठेतली खोली तीच आहे, चूलही तीच. कधी कधी दोन दोन दिवस घरात माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि मग एकदम मोठ्यानं काहीतरी बोलते तेव्हा माझाच आवाज मला परका वाटतो.

गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ, ती लान, तुम्हाला आठवत असेलच. साहेब लान म्हणायचा म्हणून आपणही लान म्हणायचो. त्या पावसाळ्यात ती सगळी लव्हाळ्यानं खाल्ली होती. हरळी खाली दबून पिवळी पडलेली आणि वर लव्हाळ्याची टोकदार पाती. मडम नाताळला विलायतेहून येणार होती आणि तिच्या खुर्च्या त्या लानवर मांडायच्या होत्या. माझा नवरा साथीच्या तापात गेल्यावर सासरच्यांनी मला तुमच्या दारात आणून सोडलं, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईही गेलेली. घरात बसून ही पोर वाळून जाईल म्हणून तुम्ही मला बंगल्यावर कामाला न्यायला लागलात. तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाही. आपल्याकडे लेकीला अव्वा म्हणतात, आईच म्हणतात, तसंच तुम्ही म्हणायचात.

पहिल्याच दिवशी मी खुरपं आडवं घालून सपासप लव्हाळा कापत सुटले. तुम्ही आलात, माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलंत आणि सगळ्या गड्यांसमोर मला उठवलंत. मला रडू फुटणार होतं. मग तुम्ही उकिडवे बसलात, बोटांनी माती सैल केलीत आणि एक काळा दोरा अलगद वर ओढलात. त्या दोऱ्याला वीत वीत अंतरावर काळ्या गाठी.

"गाठ तोडलीस की एकाच्या धा हुत्यात, अव्वा. दोरा धरून जायाचं. शेवटची गाठ हातात येस्तवर सोडायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही लोहाराकडून एक खुरपं करून आणलंत, मूठ आखूड, माझ्या हाताच्या मापाची. आज शाळेत तेच वापरलं. पातं झिजून बोटाएवढं राहिलंय, पण मूठ तीच आहे.

साहेबाला वाटलं होतं, खणा, लाद्या टाका, आठ दिवसांत काम संपेल. तुम्ही नाही म्हणालात. आपण सगळी जमीन हातभर खणली, गाठी वेचल्या, मग पाणी देऊन नुसतं बसून राहिलो. आठ-दहा दिवसांनी राहिलेल्या गाठींना कोंब आले, ते पुन्हा उकरले. पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. असं तीनदा. वेचलेल्या गाठींची एकेक पाटी तुम्ही मागच्या आवारात जाळायचात आणि राख होईपर्यंत तिथून हलायचा नाहीत. साहेब रोज येऊन मोकळी माती बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. दसरा झाल्यावर तुम्ही तळ्याच्या काठची हरळी हेरलीत. दोन बोटं जाड, पाटाएवढे चौकोन, आपण त्यांना लाद्याच म्हणायचो. ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीनं यायच्या. चाळलेल्या मातीवर फळी टाकायची, फळीवर बसून लाद्या बसवत जायचं, सांधा सांध्याखाली येऊ द्यायचा नाही. मी तुमच्या शेजारी बसून हे शिकले. इतकी शांत मी पुन्हा कधीच नव्हते, अप्पा.

आता जे सांगायचं ते सांगते. दिवाळी तोंडावर आली होती. आई लव्हाळ्याच्या गाठी वाळवून कुटायची आणि उटण्यात घालायची, हे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या आंघोळीला तिच्या हातांना तो वास असायचा. तुम्ही ढिगानं गाठी जाळत होता आणि त्या धुरात मला आई दिसत होती. शेवटच्या खेपेच्या गाठींतल्या ओंजळभर मी पदरात बांधून ठेवल्या. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही. हौदाजवळच्या कोपऱ्यात तयार मातीपाशी मी बसले होते, आणि तुम्ही गोणपाट खांद्यावर घेऊन येताना दिसलात. घाबरून मी त्या गाठी मऊ मातीत खुपसल्या आणि वरून हात फिरवला. दुपारी काढून घेईन म्हटलं. तुम्ही मला उरलेल्या लाद्या आणायला तळ्यावरच्या गाडीकडे पाठवलंत. परत आले तो कोपरा हिरवागार झाला होता.

तुम्ही खुशीत होतात. तसे खुशीत मी तुम्हाला आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. साहेब आला होता, त्याला तुम्ही त्याच्या भाषेत मोडकंतोडकं काही सांगत होता, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "हितं लव्हाळ्याची एक गाठ निघाली, तर खुरपं खाली ठेवतो मी. परत हात लावायचा न्हाय."

तेव्हा मी सांगू शकले असते. चार लाद्या उचलायच्या, ओंजळभर गाठी काढायच्या, तुम्ही मला बोल बोल बोलला असता आणि तिथंच सगळं मिटलं असतं. मी झारी भरायला गेले.

दिवाळीनंतर वीसेक दिवसांनी हरळीतून पाती वर आली, फक्त तेवढ्याच कोपऱ्यात, सुपाएवढ्या जागेत. तुम्ही लादी उलटली, गाठी तळहातावर घेतल्या आणि डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिलात. एवढ्या एका जागी एवढ्या गाठी कशा, हे तुमच्यासारख्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. पण दुसऱ्याकडे बोट दाखवायची सवयच तुम्हाला नव्हती. साहेब तर हसला, तेवढी जागा पुन्हा करा म्हणाला, त्याला त्याचं काहीच नव्हतं. तुम्ही कोपरा पुन्हा केलात, खुरपं धुतलंत, बागेच्या कोठीत ठेवलंत आणि मला म्हणालात, "डोळं गेलं माझं, अव्वा. चल घरी." त्यानंतर तुम्ही कुणाच्याही बागेत पाऊल टाकलं नाही.

त्याच महिन्यात कुर्डुवाडीहून तुमचा लेक, अण्णा आला. रेल्वेच्या कारखान्यात त्याची नोकरी पक्की झाली होती, आणि माझं काय करायचं ते त्यानं ठरवून टाकलं होतं. माढ्याचा एक बिजवर, दोन मुलांचा, माघात पाट लावायचा. मला कुणी विचारलं नव्हतं, तुम्हीसुद्धा. पण अण्णा आला तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, आणि मी तुमच्या ताटात भाकरी कुस्करून देत होते. तो बघत राहिला. जाताना म्हणाला, आता अप्पांकडे कुणीतरी पाहिजे की, माढ्याचं राहू दे. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग आपण दोघं दोन वर्षं इथं राहिलो. तुम्ही तांदूळ निवडायचं सोडलंत, बाजारात जायचं सोडलंत. तूच बघ, मला दिसत नाही, म्हणायचात, आणि मी बघायचे. एकदा दारातल्या उन्हात मी गोधडी शिवत होते. दोरा संपला म्हणून तुम्ही सुई मागितलीत. ओवलीत आणि लगेच माझ्या हातात देऊन म्हणालात, "चुकून गेला बघ." मी म्हटलं, व्हय अप्पा, चुकूनच. आणि सुई घेतली.

हे पत्र कुठं टाकणार? उद्या शाळेत जाऊन त्या लाद्यांना पाणी द्यायचंय, तेव्हा ते इथंच पिठाच्या डब्याखाली राहील. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की तुमच्या रागाला भिऊन मी गप्प राहिले. पहिल्या दिवशी भिऊन राहिले, हे खरं आहे. पुढची दोन वर्षं मी भीत नव्हते. मला माढ्याला जायचं नव्हतं. तुमचे डोळे गेलेले असले, तरच मला या घरात जागा होती.

तुमचे डोळे चांगले होते, अप्पा. दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला होता. मी बघत होते.