धुतलेल्या काड्या आणि न ओळखलेल्या मिरच्या

ती. दादा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघा अजून वाकत नाही). इकडे सगळे ठीक, तुम्हीही असाल. वहिनींची पाठ कशी आहे? तुमच्याकडच्या आईंच्या खोलीचं छत गवंड्याने एकदाचं पुरं केलं आणि तुम्ही रविवारी त्यांना न्यायला येताय, हे कळलं. त्याआधी त्यांनी इथे काय काय केलं, ते तुमच्या कानावर घालणं भाग आहे.

आई आल्या त्या रुमालाच्या टोकाला तिखट मिरचीचं बी बांधूनच. मी नेमकं तेव्हाच लांबट गोड मिरचीचं पाकीट आणलेलं (तुमच्या बहिणीला तिखट सोसत नाही, आणि ढोबळी बघितली की ती तोंड फिरवते). जागा म्हणाल तर मागचं दार आणि पाण्याची टाकी यांच्यामधला पट्टा, बस्स. म्हणून एकाच ट्रेमध्ये अर्ध्या भागात त्यांचं, अर्ध्यात माझं बी पेरलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर शाईने नावं लिहून खोचली. रोपं छान वर आली. एका संध्याकाळी दुकानातून येतो तो काड्या खिडकीत वाळत ठेवलेल्या! ‘‘मळल्या होत्या, धुतल्या,’’ आई म्हणाल्या. धुतल्या होत्या मात्र लख्ख. शाईचा ठिपका शिल्लक नव्हता. वर ऊन सारखं लागावं म्हणून त्या ट्रे रोज फिरवत होत्या आणि त्यांच्या नकळत मीही फिरवत होतो, हे त्याच दिवशी उघड झालं. मी चष्मेवाला, दिवसभर लोकांना भिंगाभिंगातला फरक दाखवतो. पण त्या रोपांपुढे मी हात टेकले. आई म्हणाल्या, पानाच्या वासावरून सांगते. सांगितलंही. सगळं चुकलं.

मिरच्या लागल्या, त्या साऱ्या सारख्याच हिरव्या आणि लांब. आता प्रत्येक झाडाची एकेक चाखून बघायची, दुसरा इलाजच नव्हता. कोणी चाखायची, यावर आमचा वाद. मी म्हणायचो, तुम्ही मोठ्या, तुम्हाला कसं देऊ? त्या म्हणायच्या, जावयाला काही झालं तर मुलगी मला काय म्हणेल? शेवटी अर्धी अर्धी ठरली. सुरी त्यांच्या हातात. देठाकडचा तुकडा स्वतःला, टोकाकडचा मला. (मोठा भाग स्वतःला ठेवतात, असं माझ्या मनात आलं. लिहायला लाज वाटते.) मला काही विशेष झोंबेना, आणि त्या प्रत्येक वेळी पाणावल्या डोळ्यांनी सांगायच्या, ‘‘गोडच आहे की!’’ त्या हिशेबाने सगळी बाग गोड निघाली.

तुमची बहीण दवाखान्यातली पाळी संपवून आली, आमचा प्रकार ऐकला आणि पोट धरून हसली. ‘‘अहो, जाळ सगळा देठाशी असतो. आई तुम्हाला वाचवतेय!’’

दुसऱ्या दिवशी सुरी मी घेतली आणि देठाकडचा तुकडा तोंडात टाकला. दादा, पुढचं नीट आठवत नाही. मी टाकीला धरून उभा होतो आणि उचक्या देत होतो. आईंनी घाईघाईने दही आणलं, माझा अवतार पाहिला आणि खो खो हसत सुटल्या. हसता हसता उरलेलं टोक त्यांनी खाल्लं, आणि मग हसू थांबलं, डोळे काही थांबेनात. बाबा गेले तेव्हा आई रडल्या नाहीत, म्हणून आपण सगळेच धास्तावलो होतो ना? त्या मागच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. ‘‘तिखट फार आहे हो,’’ एवढंच म्हणत होत्या. मी ‘‘हो, फारच,’’ म्हणत शेजारी बसून राहिलो. थोड्या वेळाने त्या बाबांबद्दल बोलू लागल्या, ते दिवेलागणीपर्यंत.

तर असा सगळा त्रास आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. रविवारी जरूर या, जेवायलाच या. पण आईंना नेऊ नका. बाग मला एकट्याला झेपणार नाही (हे कारण चांगलं नाही, पण दुसरं लिहिता येईना).

ता. क. दुसरा. बाळा, हे मी लिहितेय. जावईबापूंनी पाकीट चिकटवायला दिलं, मी वाचलं. ते तुला विचारताहेत, तू बायकोला विचारशील. मला कोणी विचारलेलं दिसत नाही. मी कुठे राहायचं ते माझं मी बघेन. तू येताना माझी मोठी ट्रंक घेऊन ये.