तिसऱ्या मुळाबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गणितशिक्षक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने व अक्कलहुशारी शाबूत असताना स्वहस्ते लिहीत आहे. अक्कल मुळात किती होती, ते कलम चारमध्ये येईलच. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. धाकट्या भावाने आणून पाहिले, त्याला चहा पाजून वाटेला लावले. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, पण या खेपेला राग माझा माझ्यावरच आहे.

कलम १. लोखंडी शिडी धाकट्या भावाला. ती नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे आणि मागून मागून माझी जीभ झिजली. आता तरी त्याने ती माझी म्हणून वापरू नये.

कलम २. फळ्यावरचा लाकडी कंपास, दोन्ही गुण्ये आणि कोनमापक शाळेला. ‘आलेख न काढता समीकरण सोडवणे’ या विषयाचे बक्षीस माझ्या नावाने ठेवायचे मुख्याध्यापकबाईंच्या मनात आहे. ठेवू नये. ही विनंती नसून ताकीद आहे.

कलम ३. अठ्ठावीस वर्षांच्या टाचणवह्या माझ्या जागी आलेल्या गणिताच्या बाईंना. प्रत्येक वहीत ‘क्ष चा वर्ग बरोबर दोनचा क्ष घात’ हे समीकरण सापडेल. एकीकडे क्ष पायाला, दुसरीकडे घातांकाला, त्यामुळे नेहमीच्या युक्त्या चालत नाहीत. त्याखाली माझ्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे : ‘दोन्ही बाजूंना लॉग घ्या. मुळे दोनच : २ आणि ४.’ बाईंनी ‘दोनच’ हा शब्द सर्व वह्यांतून खोडावा. मी खोडायला बसलो होतो. सातव्या वहीनंतर हात चालेना.

कलम ४. हे कलम खरे तर मालमत्तेचे नाही, पण मृत्युपत्र माझे आहे. माझी लेक सोळा वर्षांची असताना माझ्याच वर्गात होती. वार्षिक परीक्षेत मी हेच समीकरण दहा गुणांना घातले आणि ‘आलेख काढू नये’ अशी तळटीप दिली. तिने आलेख काढला नाही. तिने क्षच्या जागी उणे एक घातले : डावीकडे एक, उजवीकडे अर्धा. मग उणे ०.७ : आता उजवी बाजू मोठी. उणे ०.८ : पुन्हा डावी मोठी. मग त्या दोहोंच्या मधे शिरत शिरत उणे ०.७६७ पर्यंत आली आणि शेवटी लिहिले, ‘तिसरे मूळ साधारण इथे आहे.’ मी लाल शाईने शेरा मारला : ‘अंदाजपंचे दाहोदरसे!’ आणि दहापैकी शून्य दिले.

ऋण संख्येला लॉग नसतो, हे पोरे मला झोपेतही म्हणून दाखवत. म्हणजे माझ्या पहिल्याच पायरीला ते ऋण मूळ गळून पडत होते, आणि मी अठ्ठावीस वर्षे झाडून सगळ्यांना तेच शिकवत होतो. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी पेपर पुढे सरकवून म्हटलेही, “मास्तर, उत्तर बसतंय हो. जरा बघा तरी.” मी म्हणालो, “लेक आहे म्हणून? मुळीच नाही.” केवढा तोरा! उच्च गणिताची तुकडी तिला चार गुणांनी हुकली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिची आई जाईपर्यंत मला म्हणत राहिली, “एकदा पेपर काढून बघाल तर काय बिघडेल?” मी बघितला नाही.

दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले म्हणून त्याच दुकानात लेकीसमोर खुर्चीत बसलो. ती भिंगे बदलत विचारत होती, “हे बरं, की आधीचं?” मी चिडून म्हणालो, “सगळं अंदाजानेच चाललंय तुझं.” ती म्हणाली, “अंदाजच आहे, बाबा. पण दर खेपेला आधीपेक्षा कमी चुकते.” नवा चष्मा लावून पहिल्यांदा तो पेपर वाचला. एकही आकडा चुकलेला नव्हता.

त्यानंतर त्या मुळाकडे नीट पायऱ्यांनी जायची वाट शोधण्यात दोन वर्षे घालवली. निदान तिची वाट चुकीची होती, एवढे तरी सिद्ध व्हावे म्हणून. इतका मी कोडगा. शाळेतल्या कोणत्याही क्रियेने ते मूळ हाती येत नाही. मोठ्या पुस्तकांत त्यासाठी खास फलन आहे, पण त्याची किंमत काढायलाही शेवटी अंदाज करा, तपासा, सुधारा हेच. त्या कागदांची दोन पोती माळ्यावर आहेत, ती रद्दीत घालावीत. लेकीला दहापैकी दहा गुण देत आहे. त्याने तुकडी परत मिळत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

कलम ५. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातल्या सर्व वस्तू, शिडी वगळून, माझ्या लेकीला; काही कारणाने तिला मिळू शकले नाही, तरच धाकट्या भावाला. याहून मोठे देण्यासारखे माझ्याकडे काही नाही, आणि हे पुरेसे नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक : ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा.
(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार १ : मी, वकीलबाई. वरील सही माझ्यासमोर झाली. दुसऱ्या साक्षीला शेजारचे शिंपी आले होते, पण लेकीने सगळा कागद वाचून पेन त्यांच्या हातातून घेतले. साक्ष देणाऱ्याला या कागदातून काहीच मिळत नाही, घरसुद्धा नाही, हे मी तिला दोनदा समजावले. (सही)

साक्षीदार २ : मी, लेक. समजलं. घर काकांना गेलं तरी चालेल. आपण चुकलो असं बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याला साक्षीदार मीच हवी. (सही)