मस्कत जवळ, रोहा लांब

प्रिय मितेशदादा,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. परवा ओरडलास, पोरीच्या जातीने एवढ्या लांब मस्कतला जायचं नाही, पेणच्या हॉस्पिटलात नर्स आहेस तेवढं पुरे. मग मी बसून अंतर बघितलंच. मुंबई ते मस्कत सुमारे पंधराशे सत्तर किलोमीटर, विमानाला पावणेतीन तास. तुझं रोहा ते आपलं कासू स्टेशन, गाडीने पाऊण तास. बाबांच्या तेराव्यानंतर हा पाऊण तास तुला तीन वर्षांत एकदाही जमलेला नाही. आता लांब कोण राहतं, ते तूच सांग.

वहिनीला मी दोष देत नाही. कंपनीत तुझी शिफ्ट असते, हेही खरं असेल. पण बाबा गेले त्या वर्षीचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल, तर मी सांगते. अमावास्येला दुपारची भरती चढली आणि खाडीचा बांध फुटला. खारं पाणी थेट भातात. बांध घालायला घरटी एक माणूस, हा आपल्या गावचा नियम. काळुरामकाका यादी वाचायला लागले, बाबांचं नाव आलं आणि कुणीच ओ देईना. मग मीच दिली. दोनचार जण हसले, तसे काका कडाडले, "हसताव कशाला? हात हायेत ना तिला?" ओहोटी लागल्यापासून दिवस मावळेपर्यंत कमरेइतक्या चिखलात उभी राहून मी ढेकळं पुढे देत होते. घरी येऊन तुला फोन केला, तर म्हणालास, रविवारी बघतो. दादा, तेव्हापासून किती रविवार गेले रे? बाबांच्या नावाला अजून मीच ओ देतेय.

गाडीची शिटी ऐकू आली की आई गुडघे धरत ओटीवर येऊन बसते. मी म्हणते, तो नाही यायचा. तर म्हणते, "येल गो, रोहा काय विलायत हाय?" तेव्हा मला तुझा भयंकर राग येतो, आणि आठवणही येते. खाडीत मला पोहायला तूच शिकवलंस. मध्येच हात सोडलास आणि म्हणालास, घाबरलीस तर बुडशील. नाही घाबरले. आताही नाही घाबरत, तुलासुद्धा.

तर हे पत्र परवानगीसाठी नाही. तिकीट निघालंय, येत्या गुरुवारी मी दोन वर्षांसाठी जातेय. पत्राचं कारण वेगळं आहे. काल काळुरामकाकांकडे जाऊन मी यादीतलं बाबांचं नाव खोडलं आणि तिथे तुझं लिहिलं. पुढच्या अमावास्येला मोठं उधाण आहे, भरती दुपारी बाराला, बांधावर घरटी माणूस लागेल. सकाळची गाडी पकड, जुने कपडे घालून ये, आई दोन भाकऱ्या जास्त थापणार आहे. आला नाहीस तर गैरहजर म्हणून देवळासमोर तुझं नाव वाचतील, आईच्या देखत. आणि नाव काढूनच टाकायचं असेल, तर नियम तुला ठाऊक आहे. ज्याचं नाव, त्यानेच बांधावर उभं राहून सांगायचं. म्हणजे काहीही ठरवलंस तरी कासूला उतरावं लागेलच.

तुझीच, तू हात सोडलास तरी न बुडलेली,
नमिता