एकशेतीस म्हणजे किती?

३ मार्च, सोमवार

"लातूरच्या रस्त्यांवर ई-रिक्षा चालवणाऱ्या माझ्या बायांनो, तुम्हाला आकडा दाखवून फसवलं गेलं आहे!"

आठ तारखेच्या सभेची सुरुवात ही. शाळेतून आले आणि पर्स खांद्यावरून न उतरवता लिहून टाकली. पहिलं वाक्य हाती लागलं की पुढचं भाषण मला शोधावं लागत नाही.

राग कशाचा, ते इथे नीट लिहून ठेवते. पंचशीला, माझी धाकटी बहीण, ई-रिक्षा चालवते. कोचिंग क्लासच्या चार मुलींना सकाळी सोडते, संध्याकाळी घरी आणते. बाई चालवते म्हणून आईबापांनी भरवशाने मुली तिच्या गाडीत बसवल्या. तिची स्वतःची म्हणावी अशी ही पहिली गोष्ट. नवऱ्याची नाही, माझी नाही, तिची! आणि शनिवारी संध्याकाळी ऐन चढावर गाडी मेली. मुली दप्तरं सांभाळत अंधारात रस्त्याच्या कडेला. मागून लक्ष्मम्मा आपली रिक्षा घेऊन आली, ती देगलूरकडची, रिक्षावाल्या बायांच्या आमच्याच संघटनेतली. दोघींनी ढकलत गाडी आणली. वैजनाथराव, एका मुलीचे वडील, दारातच उभे होते.

"बाई, तुमच्यावर भरवसा हाय. गाडीवर न्हाई. अजून एक डाव असं झालं तर मी व्हॅन लावणार. बाकीचेबी लावतील."

असं आधीही एकदा झालं होतं. म्हणजे आता एकच चूक शिल्लक.

बॅटऱ्या दिवाळीत नव्या घेतल्यात! एका गाडीत चार. प्रत्येकीवर ठसठशीत छापलंय — १३०. चार गुणिले एकशेतीस, पाचशे वीस. आणि मेकॅनिक तपासून सांगतो, शंभराच्या आसपासच निघतात. संघटनेतल्या बहुतेक बायांनी संगप्पाच्याच दुकानातून घेतल्या. सगळ्यांची रड हीच. पाचशे वीसमधून शंभर गेले, राहिले किती? चारशे वीस!

लक्ष्मम्मा हसून हसून खाली बसली. "अय्यो अक्का, देवानंच हिशोब जमवलाय!"

"देव नाही, गणित," म्हटलं मी.

४ मार्च

पत्रकं छापून आली. लाल अक्षरांत — "५२० विकले, १०० दिले! बाकीचे ४२० कुणाचे?" लक्ष्मम्मा म्हणते, हे वाचून मेलेली बॅटरीबी पेटंल.

५ मार्च, बुधवार

आज तोंडावर आपटले. लिहायलाच हवं.

शाळा सुटल्यावर पंचशीला, लक्ष्मम्मा आणि मी संगप्पाच्या दुकानात गेलो. तो खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "या अक्का, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. आमचे चारशे वीस कुठे गेले ते सांगा."

त्याने पत्रक वाचलं होतं. चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "अक्का, ह्या चार बॅटऱ्या एकीच्या मागं एक जोडल्यात. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. असं जोडल्यावर व्होल्ट वाढतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. अँपिअर-आवर वाढत न्हाईत. एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच चौघींतून जातो. एकशेतीस ते एकशेतीसच. पाचशे वीस कुणी शिकवलं तुम्हाला?"

कुणी शिकवलं! मीच शिकवलं. दोन विषयांत एम.ए. झालेल्या बुद्धप्रिया मॅडमने. गावभर पत्रकं वाटून!

पण मी अशी गप्प बसणारी नाही. "मग एकशेतीस तरी द्या की! शंभरच का निघतात?"

त्याने बॅटरी फिरवली. मोठ्या आकड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत — सी-२०. "हा वीस तासांचा हिशोब हाय," म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हंजी... वीस तासांचा. कंपनी लिहिती अक्का, आम्ही विकतो."

"विकताना हिला सांगितलं होतं?"

"बाईंनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. इथं कुणीच इचारत न्हाई. मोठा आकडा बघतात आन उचलतात."

परतताना पंचशीला म्हणाली, "तो खोटं बोलला न्हाई अक्का. पर खरंबी बोलला न्हाई."

हे वाक्य माझ्या अख्ख्या भाषणापेक्षा चांगलं आहे. हेवा वाटला!

घरी येऊन वाचत बसले. आयुष्यभर राज्यघटना वाचली, अर्थशास्त्र वाचलं, इतिहास शिकवला. बॅटरीचं लेबल मात्र कधी वाचलं नव्हतं. अँपिअर म्हणजे करंट किती जोराने वाहतो ते. अँपिअर-आवर म्हणजे तो जोर गुणिले तास — एकूण साठा. इथपर्यंत सोपं. आणि सी-२० म्हणजे हा साठा वीस तासांत सावकाश काढला तर एकशेतीस भरतो. एकशेतीस भागिले वीस, साडेसहा अँपिअर. साडेसहा! एवढ्यात ई-रिक्षा चालत नसते, फार तर दिवे लावून उभी राहते. जोराने काढलं तर एकशेतीस मिळतच नाहीत. कमी मिळतात.

पण का? टाकीत एकशेतीस लिटर पाणी असेल तर नळ मोठा सोडा की बारीक, पाणी तेवढंच निघतं ना?

६ मार्च, गुरुवार

सापडलं! सकाळी सापडलं, आणि पुस्तकात नाही — गल्लीत!

आज बोअरच्या पाण्याची आमची पाळी. मी घाईत होते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. शेजारच्या सिंधुबाई गॅलरीतून ओरडल्या, "ओ मॅडम, अर्धा करा की! हवा ओढंल ना आत्ता!"

हात व्हॉल्व्हवर तसाच राहिला. लातूरच्या पोराटोरांना हे ठाऊक आहे. बोअर दमादमाने चालवला तर सगळ्या गल्लीच्या टाक्या भरतात. व्हॉल्व्ह सगळा उघडला की थोड्याच वेळात मोटर नुसती हवा ओढते. पाणी संपलेलं नसतं. खडकात असतं, पण तेवढ्या वेगाने झिरपून येत नाही. मग मोटर बंद करायची, उसंत द्यायची, की पुन्हा थोडं येतं.

बॅटरी म्हणजे टाकी नव्हे. बॅटरी म्हणजे बोअर!

वर्गात आज मुलांना इतिहास शिकवताना तीनदा हसले. कारण सांगता येईना.

संध्याकाळी आयटीआयमधल्या आनंदराज सरांचा क्लॅम्प मीटर मागून आणला. वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा, करंटचा आकडा दिसतो. मुलींची फेरी सुरू व्हायच्या आधी मी पंचशीलाच्या मागे बसले, मीटर सीटखालच्या वायरीला. सपाट रस्त्यावर वीसच्या आसपास. वळणावरच्या विटांच्या ढिगाजवळ गाडी थांबवून पुन्हा काढली, तर आकडा टुणकन उडाला. आणि चढावर — साठच्या वर!

"अगं, मूठ एवढी का पिळतेस?"

"चढ लवकर संपावा म्हणून! मी हमेशा असंच करते."

"हळू पीळ. पुन्हा जाऊ."

पुन्हा गेलो. हळू. चाळीसच्या आत! मागून एक ऑटोवाला ओरडला, "ताई, उतरून ढकलू का?" पंचशीलाने मान न वळवता उत्तर दिलं, "तू पेट्रोल भर, माझं मी बघते!"

मग दोघींनी पायरीवर बसून हिशोब घातला. सरासरी पंचवीस धरले तर आपल्याला शंभरच्या आसपास मिळणार. म्हणजे चार तास. शिवाय सगळं शेवटपर्यंत ओढायचं नसतं, बॅटरीचं आयुष्य जातं. म्हणजे तीन-सव्वातीन. आणि ही बाई सकाळी मुली सोडून दिवसभर बाजारात भाडी मारते, धान्याच्या मोंढ्यातून डाळीचे जड कट्टेसुद्धा नेते, आणि संध्याकाळी हवा ओढणाऱ्या त्याच बोअरवर चार मुली बसवते!

कागदाची घडी करत ती म्हणाली, "दुपारची भाडी सोडते. गाडी चार्जिंगला लावते. संध्याकाळची फेरी भरलेल्या बॅटरीवर." तोंड कडू झालं होतं तिचं, पण आवाज पक्का. "कट्टे बंद. पोरी पहिल्या."

७ मार्च

लक्ष्मम्माशी भांडण. खरं तर भांडण माझं माझ्याशीच.

ती म्हणते, "अक्का, तू उद्या चारशे वीसच म्हण! हॉल डोक्यावर घेतील. सी-वीस न् बी-वीस काढलंस तर बाया जांभया देऊन उठून जातील."

मोह झाला. लपवत नाही. आरोळी कशी उठेल ते मला ऐकू येत होतं. सभा पेटवणं मला जमतं, आणि पेटवायला हातात इतकं सुरेख वाक्य! संगप्पाने गप्प राहून लुबाडलंच आहे, मग आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर...

पंचशीला भाकरी थापता थापता बोलली. "तू बोलून घरी येशील. बाया परवा दुकानात जातील, पाचशे वीस मागतील. संगप्पा हसंल. तुला न्हाई हसणार तो. त्यांना हसंल."

भाषण फाडलं. नवं लिहिलेलं नाही.

८ मार्च, शनिवार

हॉल खच्चून भरलेला. नांदेडहून, मुदखेडहूनही काही बाया आल्या होत्या. पंचशीलाची रिक्षा बाहेर, हॉलच्या भिंतीवरच्या प्लगला चार्जिंगला लावलेली.

मी माईक घेतला. "बायांनो, तुमच्या हातातलं पत्रक चुकलंय. आकडा मी लिहिला. चूक माझी."

पहिल्या रांगेतून एक आवाज — "मग आमाला फसवलं न्हाई व्हय?"

"फसवलं! आकड्याने नाही, गप्प बसून! तुमच्या हातात वस्तू दिली, पण तिचा अर्थ दिला नाही. ज्याला अर्थ कळत नाही त्याला जगात कुणीही एकशेतीस विकू शकतो!"

टाळ्या आल्या. आणि तिथेच थांबले. पंचशीलाला वर बोलावलं. ती नको नको म्हणत आली, पदर खोचून माईकपासून हातभर दूर उभी राहिली. आणि बोअर सांगितला. व्हॉल्व्ह, हवा, उसंत. लातूरच्या बाया! एकीनेही जांभई दिली नाही. माना हलायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी चढाला पिळायचंच न्हाई?"

"पीळ की! मग खाली उतरून ढकलायची तयारी ठेव!"

हॉल हसून फुटला. लक्ष्मम्माने तर शिट्टी मारली.

मग तिने मागणी मांडली. बॅटरी घेताना वीस तासांचा नाही, पाच तासांचा आकडा विचारायचा. रिक्षाचं काम तसं असतं, चार-पाच तासांत ओढून घ्यायचं. आणि दुकानदाराने तो बिलावर सहीने लिहून द्यायचा. "पाच तासांचा आकडा!" बायांनी घोषणाच केली त्याची. व्होल्टची, अँपिअरची घोषणा मी आयुष्यात प्रथम ऐकली.

संगप्पा दाराशी उभा होता. स्वतःहून आला होता, हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. म्हणाला, "देतो लिहून. पर मलाबी कंपनीला इचारावं लागंल." कुणीतरी म्हणालं, "मग इचार की! आमी कवाचं इचारून राहिलो!"

टाळ्या चालू असतानाच पंचशीलाने घड्याळ बघितलं, माईक माझ्या हातात कोंबला आणि पायऱ्या उतरली. प्लग काढला. गेली. मुलींची वेळ झाली होती.

पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. लक्ष सगळं त्या चढावर.

अंधार पडल्यावर फोन आला. "चारीच्या चारी घरी पोचल्या. हळू पिळली अक्का. वैजनाथराव म्हणले, व्हॅनवाल्याला नको म्हणून सांगतो."

मी फोन ठेवला आणि रडले. अभिमानाने, हे स्पष्ट लिहिते. मी चाळीस-पन्नास सभा गाजवल्या असतील. पण बाया घरी जाऊन काही वेगळं करतील अशी सभा आजची पहिली. आणि तिच्यातलं उत्तम भाषण माझं नव्हतं.

९ मार्च

सकाळपासून तीन बाया क्लॅम्प मीटर मागून गेल्या. आनंदराज सरांना चहाला बोलवावं लागणार.

१२ मार्च, बुधवार

नांदेडहून फोन. तिथल्या आणि कंधार, मुदखेडच्या रिक्षावाल्या बायांची सभा रविवारी. "कधी निघू?" मी विचारलं. भाषणाचं पहिलं वाक्य तोवर डोक्यात तयारसुद्धा झालं होतं. पलीकडच्या बाई जरा घुटमळल्या. मग — "अक्का, तुमी या, पर बोलायला पंचशीलाताईंना पाठवा." मुलींची फेरी त्या दिवशी लक्ष्मम्मा करणार आहे. पंचशीला आत्ताच येऊन विचारून गेली, "अक्का, मला काय बोलायचं ते लिहून देशील?"

बुद्धप्रिया, एक ओळही लिहून देऊ नकोस.