अर्धी होडी आणि एक स्टीरिओ

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, व्यवसाय होड्यांवरील वायरलेस व विजेची उपकरणे दुरुस्त करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही, मलाही फारशी नाही. पण मागे कागद नसला की घरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, हे बाबा गेले तेव्हा पाहिले आहे.

१. खोली भाड्याची आहे. शिवणयंत्र शेजारच्या काकूंना द्यायचे मनात होते, पण त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. काकू म्हणाल्या, "मला काय करायचंय तुझं? माझी पातेली तेवढी परत दे." पातेली ओट्याखाली आहेत. शिवणयंत्र आईला.

२. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःवर खर्च करावी, छपरावर नाही.

३. हत्यारे वर्कशॉपमध्येच राहावीत. मल्टिमीटरला मात्र गिअरबॉक्सवाल्याने हात लावू नये. आधीचा त्याने जाळला आणि "तो गेलेलाच होता" म्हणाला. तो गेलेला नव्हता.

४. उतारूंच्या होडीतला माझा अर्धा हिस्सा दादाला. अर्धा त्याचाच आहे. होडी तोच चालवतो.

५. स्टीरिओही दादाला. याबद्दल थोडे लिहावे लागेल.

बाबांना गाण्यांशिवाय सुकाणू धरवत नसे. जुना रेडिओ बंद पडल्यावर दादा आणि मी नवा घ्यायला गेलो. दादाला दिव्यांचा, मोठा हवा होता.

"आवाज बघ, छाती हादरते!"

"छाती राहू दे. पाणी आत जातं का ते बघ."

"अगं, आपण काय बुडणार आहोत?"

"नुसते शिंतोडे पुरतात. खारं पाणी जाळीतून आत गेलं की संपलं."

दुकानदार म्हणाला, "ताई, वॉटरप्रूफच आहे."

"मग घाला बादलीत."

त्याने घातला नाही. मी दुसरा निवडला: पाण्यात पडला तर तरंगणारा, चार्जिंगच्या जागेला घट्ट रबरी झाकण, ओल्या हाताने दाबता येतील अशी बटणे. दादाला बजावले, "होकायंत्रापासून लांब ठेव. स्पीकरमध्ये चुंबक असतं."

त्याने तो होकायंत्राला खेटून ठेवला. धुके पडले, सुई सरकली आणि होडी उतारूंसकट वाळूत रुतली. कोणाला इजा झाली नाही. धक्क्यावर सगळ्यांसमोर मी म्हणाले, "शाळेतल्या पोराला कळतं, ते तुला कळू नये?"

"तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव," दादा म्हणाला, आणि स्टीरिओ माझ्या टेबलावर आणून आदळला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. बाबांनी पुन्हा गाण्यांचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

त्यानंतर आईकडून कळले. बाबांचा डावा कान गेला होता. हे त्यांनी मला सांगितले नव्हते, दादाला सांगितले होते. सुकाणूच्या उजव्या हाताला ठेवायला होकायंत्राशेजारची तेवढीच फळी होती.

माझे म्हणणे बरोबर होते. ते आजही बरोबर आहे. दुकानात मी पाणी, मीठ, बॅटरी सगळे विचारले. बाबांना कितपत ऐकू येते, हे विचारायचे राहून गेले.

स्टीरिओसाठी मी पितळी कंस केला आहे. तो सुकाणूच्या उजवीकडे, वर छताला बसतो. त्या अंतरावर होकायंत्र ठेवून पाहिले, सुई हलत नाही. आता तिथे दादा बसतो आणि त्याचे दोन्ही कान चांगले आहेत. तरी बसवावा.

दादाला हिस्सा मिळणार असल्याने साक्षीला बोलावलेले नाही.

ठिकाण: धक्क्यामागचे वकीलबाईंचे कार्यालय. सोमवार, दुपार.

लिहून देणार: सही
साक्षीदार पहिला: वर्कशॉपचे उस्ताद, सही
साक्षीदार दुसरा: ~~शेजारच्या काकू~~ दादा, सही

खोडाखोडीचा खुलासा, माझ्याच हाताने: काकूंनी दादाला कळवले होते. तो आला, उभ्यानेच सगळे वाचले आणि काकूंच्या हातातले पेन घेऊन सही केली.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, साक्षीदार झालात तर तुम्हाला काहीच मिळणार नाही!"

"तेच हवंय. तिचा हिस्सा तिनं येऊन सांभाळावा."

दारातून वळून त्याने मला विचारले, "कंस कुठाय?"

"वर्कशॉपमध्ये. खालच्या खणात."

"राहू दे तिथंच. आलीस की तूच बसव. माझे स्क्रू वाकडे जातात."

सबब कलम चार व पाच लागू नाहीत. शिवणयंत्र आता काकूंना द्यावे. वकीलबाई नवा कागद करू म्हणाल्या. मी नको म्हणाले.